नवशीआजीच्या पुस्तकावरचं नाव

शुभदा, तुझ्या शोकसभेत मी तोंड उघडलं नाही. सगळ्यांना वाटलं, दुःखाने. तुझी मावसबहीण माझ्या पाठीवरून हात फिरवून गेली, पाण्याची बाटली हातात ठेवून गेली. मी ते पाणी प्यायले आणि गप्प बसून राहिले. गप्प बसण्याचं कारण वेगळं होतं. ते तुला तू असतानाच सांगायला हवं होतं, ते राहिलं, म्हणून आज हे लिहितेय. तू गेलीस त्याला पंचवीस दिवस झाले. या पंचवीस दिवसांत मी एक ओळ लिहिलेली नाही.

सभा तुमच्या सोसायटीच्या हॉलमध्येच झाली. सेक्रेटरी म्हणाले की आपल्या सगळ्या नोटिसा वहिनीच लिहून द्यायच्या, पाणी बंदच्या सुद्धा. दुसरे एक म्हणाले, त्या घरीच असायच्या, त्यामुळे बिल्डिंगला मोठा आधार होता. घरीच असायच्या. शुभदा, वीस वर्षं तू लिहून पोट भरलंस आणि शेवटी तुझ्याबद्दल जमा काय झालं, तर तू घरी असायचीस.

तुझ्या जेवणाच्या टेबलावर तुझ्या लॅपटॉपपेक्षा शेजाऱ्यांच्या पार्सलांची जागा जास्त होती. वरच्यांचा गॅसवाला येणार, तुझ्याकडे चावी. समोरच्यांचा मुलगा शाळेतून लवकर येणार, तुझ्याकडे डबा. त्यांना कामाला जायचं असायचं ना. शेवटी तू नवऱ्याला, अविनाशला, सांगितलंस की सकाळी ऑफिसला जाताना बाहेरून कुलूप लावून जा. मला फोन करून हसत सांगितलं होतंस, आता मी माझ्याच घरात चोरासारखी बसून लिहिते, कुकरची शिट्टीसुद्धा होऊ देत नाही. आपण दोघी किती हसलो होतो. त्यात हसण्यासारखं काय होतं, ते मला आता आठवत नाही.

आपली ओळख टेंभी नाक्याजवळच्या त्या छापखान्यात झाली. नवरात्राची स्मरणिका निघत होती. मी विठ्ठलवाडीहून यायचे, तू डोंबिवलीहून, आणि दोघींना एकाच लाकडी बाकावर बसवून मुद्रितं तपासायला दिलेली. पहिल्या दिवशी तू मालकाशी भांडलीस. एका जुन्या कार्यकर्त्याच्या श्रद्धांजलीत त्यांनी त्याचं वय चुकीचं टाकलेलं आणि मालक म्हणत होते की छपाईची प्लेट झाली, आता राहू दे, तो काय वाचायला येतोय. तू पेन टेबलावर ठेवलंस आणि म्हणालीस, त्याची बायको वाचेल. प्लेट बदलली गेली. संध्याकाळी त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की पुढच्या वर्षी तुम्ही एकट्याच या, त्या बाईंना नका आणू. आणि मी, शुभदा, पुढच्या वर्षी एकटीच गेले. तुला सांगितलं, स्मरणिका निघालीच नाही. हे तुला कधीतरी कळलं असणार. तू कधी बोलली नाहीस.

म्हणजे माझी सुरुवात तेव्हापासूनची आहे.

त्यानंतर आपण काय काय लिहिलं. बिल्डरांची ब्रोशरं, डॉक्टरांचे लेख, पतपेढ्यांचे अहवाल, साठीच्या आणि पंचाहत्तरीच्या गौरविका. आमदार होऊ इच्छिणाऱ्या माणसाचं बालपण तू तीनदा लिहिलंस, कारण प्रत्येक वेळी त्याला आणखी गरीब व्हायचं होतं. कशावरही आपलं नाव नाही. फार तर शेवटच्या पानावर, मुद्रकाच्या पत्त्याखाली, विशेष साहाय्य. आणि आता तर लोक मशीनकडून लिहून घेतात आणि आपल्याला म्हणतात, मॅडम लिहायचं काही नाहीये, फक्त नजर फिरवा, जरा माणसाने लिहिल्यासारखं करा. तू अशा एका माणसाला विचारलंस की मग माणसालाच का नाही सांगितलं, आणि ते काम गेलं. मी तसली कामं घेते. तुला माहीत होतं. त्यावरूनही तू मला कधी टोचलं नाहीस, फक्त एकदा म्हणालीस, वैशू, तू भराभरा हो म्हणतेस.

खडवलीला गेलो ती एकच सुट्टी आपण घेतली. ठरवलेलं की दिवसभर फोन बंद. नदीत गुडघाभर पाण्यात उभ्या होतो, साड्या खोचून, दोन मध्यमवयीन बाया. अर्ध्या तासात तुझा फोन वाजला, कारण तू तो बंद केलाच नव्हतास. कुणा शाळेच्या ट्रस्टींना ‘ज्ञानमंदिर’ऐवजी दुसरा शब्द हवा होता. तू तशीच पाण्यात उभी राहून वीस मिनिटं त्यांना शब्द सुचवत होतीस आणि मी तुझ्या चपला धरून काठावर. परत येताना तू म्हणालीस, एक पुस्तक असं लिहायचंय की फोन आला तरी मी उचलणार नाही.

ते पुस्तक तुला मिळालं.

गेल्या होळीनंतर विनायकशेठ तुझ्याकडे आला. ठाण्याच्या खाडीकडचं गाव, पूर्वी शेती आणि मिठागरं, आता नातवांच्या नावावर टॉवर. त्याच्या आजीचा मोठा वाढदिवस करायचा होता आणि त्या दिवशी तिचं आत्मचरित्र वाटायचं होतं. नवशीआजी लिहायवाचायला न शिकलेली. तिने सांगायचं आणि तू लिहायचं, असं ठरलं. तू आठवड्यातून दोनदा डोंबिवलीहून जायचीस. सुरुवातीला महिनाभर तिने तुला काहीच सांगितलं नाही. तू कोळंबी सोलायला बसायचीस तिच्यासोबत. मग एक दिवस ती बोलायला लागली आणि थांबेना. आपण भेटलो की तू तिची नक्कल करायचीस, ळ-ला ल, ण-ला न. मी म्हटलं, हे सगळं प्रमाण मराठीत आणायला तुला जड जाणार. तू म्हणालीस, आणणारच नाहीये.

गणपतीच्या आधी तू लिहून दिलंस. तेव्हाच तुझ्या पोटात दुखत होतं. डॉक्टरांनी सोनोग्राफी सांगितलेली आणि तू म्हणालीस, दिवाळी अंकांचा हंगाम संपू दे. मी तुला म्हटलं का, आधी जा म्हणून? म्हटलं असेन, जाता जाता. मीही तीन अंकांची मुद्रितं घेऊन बसले होते. आपल्याला रजा नसते आणि रजा टाकायला कुणी साहेबही नसतो. आपला साहेब आपणच आणि तो फार वाईट. दिवाळी झाल्यावर तू सोनोग्राफीला गेलीस तेव्हा डॉक्टरांनी अविनाशला बाहेर बोलावलं.

तुझी दुसरी केमो झाली त्या आठवड्यात विनायक माझ्याकडे आला. मिठाई घेऊन आला. म्हणाला, शुभदाताईंनी काम मनापासून केलंय पण भाषा बघा. पाहुणे येणार, पुढारी येणार, आमची म्हातारी त्यांना अडाणी वाटायला नको. त्याने तुला सांगून पाहिलेलं आणि तू नाही म्हणालेलीस. म्हणाला, तुम्ही फक्त नीट करा, त्यांना त्रास नका देऊ, त्या आजारी आहेत. आणि हे जमलं तर आमच्या ट्रस्टचा इतिहास लिहायचाय, तोही तुमच्याकडेच.

मी स्वतःला सांगितलं की खरंच, तुला कशाला त्रास. केमो चालू आहे. आणि हो म्हटलं.

आता जे सांगतेय ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुझं हस्तलिखित मी त्या दुपारी वाचायला घेतलं आणि चौथ्या पानावर मला कळलं की हे मला आयुष्यात जमलं नसतं. तू कुठेच नव्हतीस त्यात. नुसती ती म्हातारी बोलत होती. एका ठिकाणी ती म्हणते, मिठान काम करताना पाय फुटाचं, त्याच फुटलेल्या पायान परत मिठान जावाचा, रडून काय कराचा, खारा पानी काय कमी व्हता? मी ते तीनदा वाचलं. मला रडू आलं आणि त्याच्या मागोमाग राग आला. छापखान्यातल्या बाकापासून आपण बरोबर होतो. तुझं दुखणं, तुझं कुलूप, तुझी गेलेली कामं, हे बघून तुझ्यापेक्षा मी जरा बरी चाललेय असं मला मनातून वाटत आलं होतं. आणि तू गुपचूप हे करून बसली होतीस.

मग मी कामाला लागले. तीन आठवडे मन लावून केलं. त्या वाक्याचं मी केलं, ‘मिठागरातील काम अत्यंत कष्टाचे होते, पायांना जखमा होत, तरीही आम्ही हसतमुखाने कष्ट करीत असू.’ जमीन विकली तेव्हाचं एक पान होतं. आजीला घरातल्या पुरुषांनी बोलावून घेतलेलं. ती सांगते, सही कराला बोलावला, आंगठा घेतला, चाय पन नाय इचारली. त्या पानावर विनायकने पेन्सिलने उभी रेघ मारलेली, म्हणजे जरा सौम्य करा. मी सौम्य केलं नाही. पानच काढून टाकलं. पुढचं-मागचं इतकं सफाईने जोडलं की जोड दिसत नाही. त्या सफाईचे मला वीस वर्षं पैसे मिळत आलेत.

वाढदिवस संक्रांतीनंतर झाला. पुस्तकावर, संकलन विनायक. मला बोलावणं होतं, मी गेले नाही. तुला एक प्रत घरपोच आली, याची मला कल्पना नव्हती.

तू ती वाचलीस आणि अविनाशला घेऊन रिक्षाने ठाण्याला गेलीस. डोक्याला स्कार्फ बांधून, उलटीची पिशवी बरोबर घेऊन. आजीसमोर बसून तू छापील पुस्तकातली चार पानं तिला मोठ्याने वाचून दाखवलीस. तिने सगळं नीट ऐकून घेतलं. मग पुस्तकाकडे बोट करून म्हणाली, “चांगली बाय हाय. कंच्या गावची?”

घरी येऊन तू मला फोन केलास. विनायकने तोवर तुला माझं नाव सांगून टाकलेलं. आजीचं सगळं सांगितलंस. तुला धाप लागत होती. मी तयार होते, तू ओरडशील म्हणून. तू ओरडली नाहीस.

“वैशू, मला एकच सांग. हसतमुखाने हा शब्द तुझा की त्याचा?”

“त्याचा,” मी म्हटलं.

“वाटलंच मला. तू असं लिहिणार नाहीस.”

शुभदा, तो शब्द माझा होता. विनायकला तो सुचलाही नसता. ते कापलेलं पानसुद्धा माझं, त्याने फक्त रेघ मारलेली.

भांडली असतीस तर बरं झालं असतं. मी माझी बाजू मांडली असती, पोटापाण्याचं काढलं असतं, तुझ्या हट्टाचं काढलं असतं. हट्टाचं तर काढायचंच होतं मला. तू नेहमी सरळ राहायचीस आणि तुझ्या सरळ राहण्याने गेलेली कामं माझ्या दारात यायची. माझं घर त्यावर चाललं. हे तुला दिसत होतं की नव्हतं? दिसत असूनही तू मला माफ करत होतीस, की तुझा माझ्यावर खरोखरच विश्वास होता? यातलं कुठलं जास्त वाईट, तेही मला ठरवता येत नाही. हे भांडण आता मी एकटीनेच करायचं.

नंतर मी तुला दोनदा भेटायला आले. दोन्ही वेळा तू विनायकला शिव्या घातल्यास आणि मला जवळ बसवून घेतलंस. दुसऱ्या वेळी तुझा हात सुया टोचून टोचून निळा झालेला होता. तू म्हणालीस, बरी झाले की आपण ते मूळ पुस्तक स्वतः छापू, दोघींची नावं टाकू. मी हो म्हटलं. तू म्हणतेस तसं, भराभरा.

शोकसभेला विनायक आला. पांढरे कपडे, बरोबर दोन माणसं. त्याला बोलायला सांगितलं. तो चांगला बोलला, खोटं वाटणार नाही असं. म्हणाला, आज एक गोष्ट सगळ्यांसमोर सांगतो, माझ्या आजीचं पुस्तक खरं तर शुभदाताईंनी लिहिलं, नाव माझं लागलं पण लेखणी त्यांची. सगळा हॉल हलला. तुझ्या मावसबहिणीने डोळ्याला पदर लावला. मग त्याने पुस्तक उघडलं आणि तुझ्या लेखनाचा नमुना म्हणून एक परिच्छेद वाचला. मिठागराचा. हसतमुखानेसकट. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, शोकसभेत वाजवू नयेत हे विसरून.

जन्मभर ज्या बाईला नाव मिळालं नाही, तिला नाव मिळालं ते माझ्या वाक्यावर. जे वाक्य वाचून ती आजारपणात रिक्षा करून गेली होती, त्या वाक्यावर. मी उठायला हवं होतं. सहावी रांग होती, माईकपर्यंत दहा पावलं. पण उठले तर पुढचं सगळंच सांगावं लागलं असतं. आणि ट्रस्टचा इतिहास तोवर माझ्या हातात होता, अर्धा लिहून झालेला. हेही खरं आहे आणि आज खोटं लिहायचं नाही असं ठरवून बसलेय.

चार दिवसांनी मी अविनाशकडे गेले. तो तुझे कागद खोक्यात भरत होता. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, स्मरणिकेपासून. तो खोक्याला चिकटपट्टी लावत राहिला. मग त्याने विचारलं की तिला कळलं होतं का. मी म्हटलं, माहीत नाही.

“मग हे मला कशाला सांगतेस, वैशाली?” तो म्हणाला. “आता मी याचं काय करू?”

त्याचं बरोबर होतं. त्याच्याकडे आधीच पुरेसं होतं. त्याने पाणी विचारलं, मी नको म्हटलं. निघताना मी तुझं मूळ हस्तलिखित मागितलं. तो म्हणाला, नको, ते राहू दे इथे. रागाने म्हणाला नाही. मूळ फाइल माझ्या लॅपटॉपमध्ये असणार कुठून, मी तिच्यावरच दुरुस्त्या करत गेलेले, जुनं पुसत, आणि रेघ मारलेली कागदी प्रत काम झाल्यावर रद्दीत गेलेली. म्हणजे नवशीआजी आता फक्त त्या खोक्यात आहे.

मग परवा विनायकचा फोन आला. पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढतोय. मुखपृष्ठावर शब्दांकन म्हणून तुझं नाव टाकणार, नावाआधी कैलासवासी. सभेत त्याला तसं सुचलं आणि लोकांना आवडलं. मी म्हटलं, तिचं नाव टाकू नका, ते तिने लिहिलेलं नाही. तो म्हणाला, आता काय फरक पडतो मॅडम, चांगलंच होतंय ना त्यांचं. मी सांगितलं की तिचं खरं पुस्तक छापा, आजीच्या बोलीतलं, काढलेल्या पानासकट. ते होणार नाही, तो म्हणाला, शांतपणे. तेव्हा मी म्हटलं, मग माझं नाव टाका. यातला शब्द न् शब्द माझा आहे.

मग तो समजल्यासारखा हसला.

“नाव पायजे होतं होय तुम्हाला? आधी बोलायचं ना, मॅडम. टाकतो की.”

मी त्याला ट्रस्टचं काम सोडल्याचं सांगितलं. ते त्याने ऐकलं की नाही कोण जाणे, कुणीतरी त्याला हाक मारत होतं.

पुस्तक आता गावभर, सोसायट्यांत, वाचनालयांत जाईल. सभेत टाळ्या वाजवलेले लोक ते उघडतील आणि म्हणतील, बघा, मैत्रीण जाऊन महिना झाला नाही आणि हिने तिच्या पुस्तकावर आपलं नाव चिकटवलं. तुझी मावसबहीण म्हणेल. सेक्रेटरी म्हणतील. मी कुणाकुणाला सांगत बसू की ते पुस्तक वाईट आहे आणि म्हणूनच माझं आहे?

तुझे आभार मानायचे राहिलेत, शुभदा. मालकाशी भांडलीस त्याचे, नदीत हसवलंस त्याचे, त्या दोन भेटींत माझा हात हातात धरून बसलीस त्याचे. ते आज नीट मानता येत नाहीत. आणि माफी तर मी मागणारच नाही. तू लगेच देऊन टाकशील.

आज दुपारी मुखपृष्ठाचा नमुना आला फोनवर. वर आजीचा फोटो, नवी साडी, मागे टॉवर. खाली जाड अक्षरात शब्दांकन आणि त्यापुढे माझं नाव. सवयीने दोनदा तपासलं. ऱ्हस्वदीर्घ बरोबर आहे. छापायला हरकत नाही, असं मी कळवलं.